इथेच राहतो, भाड्याने

कर्ज नको होतं तेव्हा बँक माझ्यामागे हात धुऊन लागली होती. ऑफिसात डबा उघडला की फोन. मॅडम, तुमचं पर्सनल लोन मंजूर झालंय, तुम्ही फक्त हो म्हणा. अगं बाई, मी मागितलंय कधी? कागद नको, सही नको, दोन मिनिटांत पैसे खात्यात, हे त्या पोरी एका श्वासात म्हणून टाकायच्या आणि मी पोळीभाजीचा घास हातात धरून त्यांना झापायचे. मेसेज तर रोजचेच. दिवाळीला, पाडव्याला, माझ्या वाढदिवसाला. बँकेला माझी इतकी काळजी की सख्ख्या मावशीला नसेल. आणि ज्या दिवशी खरोखर पैसे हवे झाले त्या दिवशी अ‍ॅप उघडून बघते तर मंजुरी गायब. त्या जागी मुदत ठेवीची जाहिरात.

का? तर आम्ही घर बदललं होतं आणि मी शहाण्यासारखी बँकेत जाऊन नवा पत्ता देऊन आले होते. पत्ता बदलला की म्हणे कॉम्प्युटर तुम्हाला नवीन माणूस समजतो. वर्षानुवर्षं त्याच खात्यात पगार जमा होतोय, त्याच खात्यातून लाइटचं बिल जातंय, पण नाही. तुम्ही कोण, कुठल्या, आम्ही ओळखत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

बाबा तेव्हा म्हणाले होते, पत्ता बदलू नकोस, आपण परत जाणारच आहोत. मी ऐकलं नाही. मी अकाउंट्समध्ये काम करते. पत्ता एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, हे मला सहनच होत नाही.

आम्ही घरात तिघं. आई, बाबा आणि मी. लग्न केलेलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाच्या मनात प्रश्न नको. आमचं घर मुलुंड पूर्वेला, जुन्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावर. बाबांनी एका औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये आयुष्य काढलं आणि त्या पगारातून ते घर घेतलं. त्यासाठी किती वर्षं दोनच शर्टांवर काढली, घरात पंखा आधी की हप्ता आधी यावर कशी भांडणं झाली, हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण बाबा ते पाहुण्यांना सांगायचे. मग बिल्डिंग जुनी झाली, स्लॅबचे पोपडे पडायला लागले आणि सगळीकडे होतं तेच आमच्याकडे झालं. पुनर्विकास. कडक इस्त्रीची माणसं आली, गच्चीवर पडदा लावून चित्रं दाखवून गेली. जिम, बाग, दोन-दोन लिफ्ट, प्रत्येकाला जास्तीची खोली. बांधकाम होईपर्यंतचं भाडं बिल्डर देणार. बाबा कमिटीत नव्हते, पण कमिटीतल्या लोकांना नसेल एवढा उत्साह त्यांना. नकाशा घेऊन घरभर फिरायचे आणि आईला बोटाने दाखवायचे, हा बघ तुझा ओटा.

बिल्डरने भाडं दिलंच नाही असं मी म्हणणार नाही. सुरुवातीचे चेक वटले. त्या पैशांत आम्ही मुलुंडलाच लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये राहिलो. मग चेक परत यायला लागले. मग बिल्डर फोन उचलेना. आमच्या सेक्रेटरींना विचारलं की म्हणायचे, बोलणी चालू आहेत. कसली डोंबलाची बोलणी? जुनी बिल्डिंग पाडून झाली, खड्डा खणून झाला आणि सगळं त्या खड्ड्यातच थांबलं. सभोवती पत्र्याचं कुंपण, पत्र्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. माझ्या एकटीच्या पगारात मुलुंडचं भाडं झेपेना, म्हणून भांडुपला टेकडीच्या बाजूला स्वस्तातली जागा घेतली. चार मजली बिल्डिंग, आम्ही तिसऱ्यावर, लिफ्ट नाही. डिपॉझिट, दलाली आणि टेम्पो यांत गाठीला होतं नव्हतं ते सगळं गेलं.

आणि इथेच आईचे गुडघे येतात. मुलुंडला असतानाच डॉक्टर म्हणाले होते की दोन्ही गुडघे बदलावे लागतील, आता थांबू नका. भांडुपच्या घरात सामान चढवणाऱ्या माणसांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं, फ्रिजच्या आधी. त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. देऊळ बंद, भाजी आणायला जाणं बंद, मुलुंडच्या मैत्रिणी फोनवर. जी बाई पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची ती आता गॅलरीच्या गजांना धरून रस्ता बघायची. मला ते बघवत नव्हतं आणि बघवत नाही म्हणून मी चिडायचे. ऑफिसच्या विम्यात आईबाबा होते, पण गुडघ्यांच्या ऑपरेशनला मर्यादा घातलेली. बाकीचे पैसे आपले आपण उभे करायचे. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली होती आणि हॉस्पिटलला आधी रक्कम भरायची होती. त्यासाठी मला पर्सनल लोन हवं होतं. गाडी घ्यायला नाही, दुबईला फिरायला नाही. आईने जिना उतरावा, एवढंच.

म्हणून ब्रांचमध्ये गेले. लोनच्या टेबलावर एक पंचविशीची मुलगी. गोड बोलणारी, आणि मला गोड बोलणारी माणसं अशा वेळी फार डोक्यात जातात. तिने माझे कागद पत्त्यांसारखे पसरले. आधारवर मुलुंड. भाड्याच्या करारावर भांडुप. तोही अकरा महिन्यांचा. तिने विचारलं, हे मुलुंडचं घर कुणाच्या नावावर आहे? मी म्हटलं, वडिलांच्या. मग तिथे का नाही राहत? म्हटलं, बिल्डिंग पाडली. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणजे आत्ता ते घर नाहीये? मी म्हटलं, आहे, पण नाहीये. माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धी मुंबई आज अशीच पाडून ठेवलेली आहे, आणि बँकेच्या यादीत मात्र दोनच प्रकार, स्वतःचं नाहीतर भाड्याचं. मी भाड्याचं म्हटलं. तिने तसं भरलं. मग लग्न झालंय का विचारलं, तेही भरलं. पगार चांगला आहे, स्कोअर चांगला आहे, काही काळजी करू नका, आमचा माणूस घरी येऊन पत्ता बघून जाईल, नुसती फॉर्मॅलिटी असते, असं म्हणाली.

मी बाबांना सांगितलं, बँकेचा माणूस येईल, मी ऑफिसला असेन, तुम्ही बघून घ्या. यात आणखी काय सांगायचं? कुणी दारात येऊन विचारलं की इथे राहता का, तर माणूस हो म्हणतो. अख्खं जग हो म्हणतं.

तो माणूस आला तेव्हा मी अंधेरीला ऑफिसात होते. दुपारी त्याचा फोन आला, मॅडम, व्हिजिट झाली, काका फार चांगले आहेत तुमचे. मला बरं वाटलं. संध्याकाळी घरी आले तर बाबा खुशीत. इस्त्रीचा शर्ट अजून अंगात. आई म्हणाली, आज हे बाहेर जाऊन आले. कुठे? तर बाबांनी सगळं सविस्तर सांगितलं, मला चपला काढायलाही उसंत न देता.

झालं होतं असं. तो माणूस दारात आला आणि त्याने विचारलं, काका, तुम्ही इथे राहता? बाबा म्हणाले, छे, छे, इथे नाही, हे तात्पुरतं आहे, आमचं घर मुलुंडला. त्याने विचारलं, घर स्वतःचं? बाबा म्हणाले, अर्थात स्वतःचं, भाड्याच्या घरात आम्ही कधी राहिलोच नाही. मग बाबांना वाटलं की नुसतं सांगून काय उपयोग, दाखवलंच पाहिजे. त्याला चहा पाजला, खाली नेलं, स्वतःच्या खिशातून रिक्षा केली आणि थेट मुलुंडला घेऊन गेले. पत्र्याच्या कुंपणाला एक दार आहे, तिथल्या वॉचमनला ओळख सांगून ते उघडायला लावलं. आणि आतला खड्डा दाखवून वर हवेत बोट केलं. तो बांबू दिसतोय ना, त्याच्या थोडं वर आमचा हॉल. उजवीकडे स्वयंपाकघर. पूर्वेची खिडकी, सकाळी ऊन आत यायचं. त्या माणसाने फोनवर फोटोही काढले, असं बाबा अभिमानाने म्हणाले. माझाही काढला, घरासमोर उभं करून.

मला वाटलं, चेष्टा करतायत. बाबा चेष्टा करत नाहीत.

दोन दिवसांनी मेसेज आला. आपला अर्ज मंजूर करता येत नाही. मी लोनच्या टेबलावरच्या मुलीला फोन लावला. तिने रिपोर्ट वाचून दाखवला, तिचाही आवाज जरा अडखळला. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असं वडिलांनी सांगितलं. वडिलांनी दाखवलेल्या मालकीच्या पत्त्यावर मोकळी जागा, पाणी साचलेलं, राहण्याची कोणतीही खूण नाही. फोटो जोडले आहेत.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बिल्डरने गंडवलं, समजू शकते. बँकेने टांग मारली, तेही समजू शकते, त्यांचा धंदाच तो. पण घरच्या माणसाने? मी त्या संध्याकाळी बाबांवर जे ओरडले ते शेजारपाजारच्यांनी ऐकलं असणार, ऐकू देत. मी म्हटलं की तुमच्या डोक्यात आलंच कसं हे. बाबा शांतपणे म्हणाले, आणि त्यांना अगदी खरंच वाटत होतं ते:

"अगं, भाडेकरूला कोण कर्ज देतं? बँकेचा माणूस घरी येतो तो ऐपत बघायला. मी ऐपत दाखवली."

त्यांच्या काळी तसंच होतं, हे मला ठाऊक आहे. बाबांनी कर्ज घेतलं तेव्हा मॅनेजर स्वतः घरी येऊन कांदेपोहे खाऊन गेला होता. भाड्याच्या घरात राहतो हे सांगणं म्हणजे आपण कुणीच नाही हे सांगणं, अशी त्या पिढीची समजूत. स्वतःचं घर असलेल्या माणसाने तोंडाने भाडेकरू म्हणवून घ्यायचं? मेलो तरी नाही. भांडुपच्या दारावर त्यांनी पाटीही लावू दिली नव्हती. चार दिवसांसाठी भिंतीला भोक कशाला, म्हणायचे. कुणी कुठे राहता विचारलं तर मुलुंड. दूधवाल्यालासुद्धा मुलुंड. तो बिचारा दूध भांडुपला टाकत होता.

पण मला काय त्याचं? मी म्हटलं, ऐपत? डबकं दाखवलंत तुम्ही त्याला, बाबा, डासांचं डबकं. आईच्या ऑपरेशनची तारीख डोक्यावर आलीय आणि तुम्ही परक्या माणसाला रिक्षाने नेऊन हवेत स्वयंपाकघर दाखवताय? आई आतून म्हणाली, जाऊ दे गं, माझे गुडघे कुठे पळून चाललेत, होईल पुढे कधीतरी. तिचं ते समजुतीचं बोलणं ऐकून मी जास्तच भडकले. पुढे कधीतरी म्हणजे कधी? बिल्डरही तेच म्हणतो.

शनिवारी पुन्हा ब्रांच. या वेळी मी गोड बोलायचं ठरवून गेले आणि दोन मिनिटांत आवाज चढला. मी म्हटलं, माझा पगार तुमच्याच खात्यात येतो, भांडुपचं भाडं तुमच्याच खात्यातून जातं, तरी तुम्हाला माझा पत्ता बघायला माणूस पाठवावा लागतो? ती म्हणाली, मॅडम, सिस्टीम आहे. सिस्टीम! मी म्हटलं, ही सिस्टीम मला डबा खाताना फोन करायची तेव्हा तिला पत्ता नको होता का? शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. ती मुलगी लाल झाली. मग खालच्या आवाजात म्हणाली की एकदा पुन्हा व्हिजिट मागवता येते, ती मागवेल, पण या वेळी घरच्या माणसाने नीट हो म्हटलं पाहिजे आणि बिल्डिंगमधल्या कुणीतरी सांगितलं पाहिजे की हे लोक इथे राहतात. हे पुन्हा निगेटिव्ह आलं तर सहा महिने अर्ज करता येणार नाही. सहा महिने, आणि ऑपरेशन पुढच्या महिन्यात. मी हो म्हटलं. दुसरं करणार काय?

आता बिल्डिंगमधलं कोण सांगणार? खालच्या बोर्डावर फक्त मालकांची नावं, भाडेकरूंची लावत नाहीत. समोरच्या दारातल्या बाईंकडे गेले. मराठीच, साधारण माझ्याच वयाच्या. दार अर्धं उघडून म्हणाल्या, आमच्या ह्यांना असल्या कर्जाबिर्जाच्या भानगडी आवडत नाहीत, उद्या काही झालं तर लोक आमच्या दारात यायचे, आणि भाडेकरू काय, आज आहेत उद्या नाहीत. मी म्हटलं, सही नकोय हो, जामीन नकोय, फक्त सांगायचंय की आम्ही इथे राहतो, तुम्ही रोज बघताच की. त्या म्हणाल्या, बघते, पण मी कशाला त्यात पडू. आणि दार लोटलं. माझ्या आईच्या कपाळाला लावायला जिच्याकडून संक्रांतीला हळदकुंकू आलं होतं ती ही बाई. मी बंद दाराकडे बघून जे बोलले ते इथे लिहिणार नाही.

काम केलं ते आईने, आणि तेही न ठरवता. तिसरा मजला म्हणजे चौथ्यावर जाणाऱ्यांचा थांबा. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये माणूस तिसऱ्यावर आला की धापा टाकत उभा राहतोच. आईला घरात कोंडून राहून कंटाळा यायचा म्हणून ती संध्याकाळी आपली खुर्ची दाराबाहेर जिन्याच्या वळणावर ओढून बसायची. जो दम खायला थांबेल त्याला पाणी विचारायची, आणि पाणी देता देता त्याची सगळी कुंडली काढायची. सूनबाईचा कितवा महिना, मुलाला दहावीला किती, गॅस संपला का. आम्ही येऊन थोडेच महिने झाले होते आणि माझ्या आईला चौथा मजला अख्खा पाठ होता. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी दिवे लागल्यावर घरी येणारी. आईनेच वरच्या आजींना सहज सांगितलं की बँकवाल्यांनी असं असं केलं. त्या आजी कोकणातल्या, ठसक्याच्या. मला जिन्यात अडवून म्हणाल्या, "पाठव गो त्याला माझ्याकडे, बघते कसा नाही म्हणतो तो."

उरले बाबा. ज्यांनी हो म्हणायचं होतं ते.

मी त्यांना समोर बसवलं. मी रागात होते आणि राग लपवला नाही. म्हटलं, तो माणूस पुन्हा येईल. तो विचारेल, इथे राहता का? तुम्ही म्हणायचं, इथेच राहतो, भाड्याने. बस. पुढे एक शब्द नाही. मुलुंड नाही, तात्पुरतं नाही, परत जाणार नाही. म्हणा बघू. मी पुन्हा म्हटलं, म्हणा. ज्या माणसाने मला पाढे शिकवले त्याला मी वाक्य पाठ करायला लावत होते. ते म्हणाले, म्हणेन त्या वेळी. मी म्हटलं, आत्ता म्हणा, मला ऐकायचंय. आणि मग जे मनात होतं ते सरळ सांगून टाकलं:

"बाबा, तिथे आपलं घर नाही. तिथे खड्डा आहे. तुमच्या खड्ड्यासाठी आई इथे कोंडून राहणार का?"

बाबा उठून गॅलरीत गेले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. जेवताना मीठ हवं असेल तर आईला सांगायचे, आई मला सांगायची. मीही मीठ आईकडेच द्यायचे. बरोबर होतं माझं, एक अक्षर खोटं नव्हतं, आणि माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता. बिल्डरवर, सेक्रेटरीवर, समोरच्या बाईवर, बाबांवर, त्या हसऱ्या चित्रातल्या कुटुंबावर. ऑफिसात टॅली करताना कीबोर्डची बटणं निखळतील इतकी जोरात मारायचे.

दुसऱ्या व्हिजिटला मी रजा टाकली. माणूस तोच. दारात बाबांना बघून जरा ओशाळला. मला हळूच म्हणाला, मॅडम, मी जे दिसलं तेच लिहिलं, मला पण वर दाखवावं लागतं. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. वरच्या आजी आधीच आमच्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या. त्याने विचारायच्या आधीच त्यांनी सुरू केलं, ही माणसं इथलीच, हिचे गुडघे असे, मुलगी इतक्या वाजता कामाला जाते, आणि तुमच्या बँकेला काही लाज आहे का. त्याने भराभर फोनमध्ये टाइप केलं. मग बाबांकडे वळला.

बाबा कॉटवर बसले होते, आईच्या पायांशी. साध्या बनियनवर. शर्ट घाला म्हटलं होतं तरी घातला नव्हता. त्याने विचारलं, काका, तुम्ही कुठे राहता?

"इथेच राहतो," बाबा म्हणाले. "भाड्याने."

झालं. मी सांगितलेलं तेवढंच, जसंच्या तसं. पण त्या माणसाला पुढचा एक प्रश्न विचारायचा होता, तो फोनमध्ये बघून त्याने विचारला. कुटुंबाच्या नावावर दुसरं कुठे घर आहे? मी मध्ये पडणार होते, आहे म्हणून सांगणार होते, त्याने काही बिघडत नव्हतं. त्या माणसाने स्वतः बघितलेलंच होतं.

"नाही," बाबा म्हणाले. "दुसरं घर नाही आम्हाला."

त्याने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आई म्हणाली, अहो, असं काय बोलता. बाबा तिच्या पायांवरची चादर नीट करत राहिले. त्या माणसाने टाइप केलं, आमच्या दाराचा फोटो काढला आणि चहा न घेता गेला.

कर्ज मंजूर झालं. मोबाइलवर अभिनंदनाचा मेसेज आला, त्यात फुगे. ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं आणि चांगलं झालं. आईने हॉस्पिटलात दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून पावलं टाकली आणि फिजिओथेरपीच्या मुलीला इतकं भंडावून सोडलं की ती म्हणाली, आजी, तुम्ही माझ्यापेक्षा घाईत आहात. बाबा रोज तिथे बसून असायचे. माझ्याशी बोलायला लागले, आधीसारखेच, पेपरात काय आलंय, आज टॅक्सी किती लागली. मुलुंडचं नाव मात्र त्यांच्या तोंडून गेलं ते गेलं. दूधवाल्याने बिलावर घालायला पत्ता विचारला तर भांडुपचा सांगितला, मजल्यासकट. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं की नवीन बिल्डर शोधतोय, सभेला या. बाबांनी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. मी म्हटलं, जायचं का आपण? म्हणाले, तू जा हवं तर.

पाऊस संपल्यावर एका रविवारी आई पहिल्यांदा खाली उतरली. जिन्याला धरून, एकेक पायरी, प्रत्येक मजल्यावर कुणीतरी दार उघडून बघत होतं. समोरच्या बाईसुद्धा. मी पुढे, बाबा मागे. खाली रस्त्यावर आल्यावर आईने चारी बाजूंना बघितलं आणि इतकी हसली की मला रडू यायला लागलं. मग ती बाबांना म्हणाली, रिक्षा करा, आपल्या बिल्डिंगकडे जाऊन येऊ, किती दिवस बघितली नाही.

बाबा म्हणाले, तिथे आपलं काय आहे?

आईचं हसू तसंच राहिलं, पण ती माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं मी काहीतरी म्हणेन. मी बाबांचा हात धरला.

"बाबा, ते बँकेपुरतं होतं."

"माहितेय मला," ते म्हणाले, आणि आईला घेऊन भाजीवाल्याकडे वळले.